दुसऱ्या मंगळवारनंतरची सकाळ

करसल्लागार : माझं म्हणणं सरळ आहे. जो कॉम्प्युटर चालतोय त्याला हात लावू नये. मायक्रोसॉफ्टचं अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतं. त्यांच्याकडं सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेदहा-साडेअकरा, म्हणजे आपल्या पदरात ते पडतं बुधवारी सकाळी. आता कॅलेंडर बघ. दुसरा मंगळवार आठ ते चौदा तारखेच्या मधेच येणार. जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख अकरा, तिमाही भरणाऱ्यांची तेरा. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्यांपासून उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांपर्यंत सगळ्यांची बिलं ज्या आठवड्यात माझ्या टेबलावर असतात, नेमक्या त्याच आठवड्यात हे मशीन स्वतःच्या मनानं बंद होऊन स्वतःच्या मनानं सुरू व्हायला बघतं. आणि एखाद्या महिन्यात सुरूच होत नाही. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण माझ्या कामाचा आठवडा कुठला हे ज्यांना ठाऊकच नाही, त्यांनी माझं मशीन कधी बंद करायचं ते का ठरवावं? म्हणून मी अपडेट बंद करून टाकावं म्हणतो. कायमचं.

तंत्रज्ञ : काका, वेळापत्रकाची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. तिला उपायही आहे. विंडोजमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवता येतं. वीस तारखेला जीएसटीआर-३बी भरून झालं की घ्यायचं. तोवर त्या अपडेटात काही खोट असली तर जगभर बोभाटा झालेला असतो, बऱ्याचदा दुरुस्तीही आलेली असते. पण अपडेट कधी घ्यायचं हा एक प्रश्न आणि घ्यायचं की नाही हा दुसरा. तुम्ही पहिल्यावरून दुसऱ्याचा निकाल लावताय. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' आला आणि काही दिवसांतच दीडशेभर देशांत पसरला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच निघालेलं होतं. जवळजवळ दोन महिने लोकांच्या हातात होते. ज्यांची मशीनं त्या दिवशी कुलूपबंद झाली त्यातल्या अनेकांचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं, चालतंय ते चालू दे. पुढं २७ जूनला 'नॉटपेट्या' आला आणि आपल्या न्हावा-शेव्याला, जेएनपीटीत, मर्स्क समूहाच्या ताब्यातलं टर्मिनल बंद पडलं. कंटेनर जागेवर अडकले. अपडेटनं मशीन बंद पडतं तेव्हा निदान आत काय आहे ते आतच राहतं. दुसऱ्या प्रकारात ते आत राहत नाही.

करसल्लागार : नॉटपेट्याचं नाव तू काढलंस ते बरं झालं, कारण माझी बाजू तिथंच सगळ्यात भक्कम आहे. तो शिरला कुठून? युक्रेनमध्ये 'एमईडॉक' नावाचं हिशेबाचं आणि कर भरण्याचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीचा सर्व्हरच ताब्यात घेतला होता. म्हणजे तिथल्या माझ्यासारख्या माणसानं शहाण्यासारखं वेळेवर अपडेट घेतलं आणि त्यातूनच विष आलं. दुसरं, १९ जुलै २०२४, शुक्रवार. 'क्राउडस्ट्राइक'च्या सुरक्षा प्रणालीची एक छोटी फाइल आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर गेली. आत वाचायची माहिती वीस रकान्यांची आणि फाइल एकविसावा मागणारी, असा तो गोंधळ. ८५ लाख मशीनं निळ्या स्क्रीनवर जाऊन बसली. इंडिगोनं प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. मला त्यात सर्वांत खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्या संस्थांनी सावधगिरी म्हणून एक-दोन आवृत्त्या मागं राहायचं ठरवून ठेवलं होतं, त्यांनाही ती फाइल मिळालीच, कारण ती सवलत या प्रकारच्या फाइलींना लागूच नव्हती. आता तू मला वीस तारखेपर्यंत थांबायला सांगतोस. थांबलेल्यांचं काय झालं ते बघ की.

तंत्रज्ञ : बघतो, आणि त्याच दिवसाचा पुढचा भागही सांगतो. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागं घेतली गेली. पण तोवर पडलेली मशीनं इंटरनेटपर्यंत पोचायच्या आधीच कोसळत होती, त्यांना नवी फाइल मिळणार कशी? शेवटी माणसं एकेका मशीनपाशी गेली, सेफ मोडमध्ये ते उघडलं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरातल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरात जाऊन '२९१' क्रमांकाची फाइल काढून टाकली आणि रिस्टार्ट केलं. इतकंच. आत डेटा शाबूत होता. पंधरा दिवसांच्या आतच, ३१ जुलैला, लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या 'सी-एज' कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचं समोर आलं आणि देशातल्या तीनशेच्या आसपास सहकारी आणि ग्रामीण बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबवावे लागले. जुलैच्या त्या दोन तारखा शेजारी ठेवा. एकीत आपल्याच माणसांच्या चुकीनं मशीनं पडली आणि ती हातानं उठवता आली. दुसरीत कुणीतरी ठरवून घुसलं होतं.

तुमचं खरं दुखणं मला वेगळं वाटतं. मशीन उठलं नाही की तुम्ही ते मेलं असं समजता, आणि आपल्या गावातली निम्मी दुकानं तुम्हाला तेच सांगतात. "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारायला लागंल." हे वाक्य मला सहन होत नाही. टॅली प्राइमचा डेटा, तुम्ही वेगळी जागा दिली नसेल तर, सी ड्राइव्हमध्येच पब्लिक फोल्डरखाली असतो. डेस्कटॉपवर टाकलेल्या एक्सेलच्या फाइली सी ड्राइव्हमध्येच. स्कॅन केलेली बिलं, डाउनलोड केलेली चलनं, सगळं तिथंच. नवं विंडोज टाकायला म्हणून सी पुसली की अपडेटनं न केलेलं नुकसान दुरुस्तीनं झालं. आणि ग्राहक आयुष्यभर सांगत राहतो, अपडेटनं माझा डेटा खाल्ला.

करसल्लागार : मग तू काय करतोस वेगळं?

तंत्रज्ञ : आधी विचारतो, कुठं थांबतंय? बटण दाबल्यावर पंखाही फिरत नसेल तर अपडेटला दोष देऊ नका. वीजपुरवठा करणारा एसएमपीएस गेलेला असू शकतो आणि तोही नेमका त्याच सकाळी. कंपनीचं नाव दिसतं आणि पुढं बूट डिव्हाइस सापडत नाही असं येतं, तर डिस्क तरी गेली किंवा सुरू कुठून व्हायचं याची नोंद तरी बिघडली. दुसऱ्या प्रकारात नोंद पुन्हा लिहिता येते, त्यासाठी काही पुसावं लागत नाही. ठिपके गोल गोल फिरत राहिले असतील तर हात बांधून बसायचं. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर एक-दीड तास लागणं नवलाचं नाही. बटण दाबून धरून मशीन बंद करण्याची घाई पुष्कळदा अपडेटपेक्षा जास्त घात करते. वीज जाणं हा दुसरा घात. पावसाळ्यात आपल्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएसची बॅटरी बसलेली असताना अपडेट चालू ठेवणं म्हणजे संकट घरी बोलावणं.

निळा स्क्रीन येऊन मशीन पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होत असेल तर बहुधा एखादा ड्रायव्हर आड येतोय. लागोपाठ काही वेळा सुरू व्हायला चुकलं की विंडोज आपण होऊनच दुरुस्तीचा पडदा उघडतं. तिथं स्टार्टअप रिपेअर आहे, शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय आहे, आधी चालू करून ठेवलं असेल तर सिस्टिम रिस्टोर आहे, सेफ मोड आहे. लिनक्सवाल्यांचं याबाबत मला कौतुक वाटतं. उबुंटूसारख्या प्रणालीत नवा कर्नल आला तरी जुना ठेवलेला असतो, सुरू होतानाच्या यादीतून तो निवडला की मशीन कालच्यासारखं उठतं. मागं जायची वाट मोकळी ठेवूनच पुढं पाऊल टाकायचं, हा विचार त्या बांधणीतच आहे. आणि हे सगळं करण्याआधीचं एक काम असतं. पेनड्राइव्हवरून मशीन उघडून आतला डेटा बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यायचा. ते झालं की माझा हात थरथरत नाही. मग फॉरमॅटही मारावं लागलं तरी ते संकट राहत नाही, दुपारचं काम होतं.

करसल्लागार : तू हे इतक्या विश्वासानं सांगतोस की पटायला लागतं, आणि तिथंच मला सावध व्हावंसं वाटतं. दुरुस्तीचा पडदा म्हणतोस, तो राहतो कुठं? त्याच डिस्कवर. वाड्याच्या मोठ्या दरवाजातच दिंडी असते, दरवाजा चौकटीसकट निखळला तर दिंडीही त्याच्याबरोबर जाते. हे मी कल्पनेनं बोलत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज ११ साठी जे अपडेट निघालं त्यानंतर अनेक मशीनवर दुरुस्तीच्या पडद्यात यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनात. पडदा समोर, पर्याय समोर, आणि निवडायला बोट नाही. दुरुस्ती आली २० तारखेला, ऐन दिवाळीत. ती आली पुन्हा अपडेट म्हणूनच. ज्याचं मशीन चालू होतं त्याला ती मिळाली, ज्याला खरी गरज होती त्यानं ती घ्यायची कशी? आणि तारीख कुठली, तर विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला तीच. जुन्यावर थांबू नका, नव्यावर या, असं सगळ्यांना सांगण्याचा दिवस.

तंत्रज्ञ : हे उदाहरण माझ्या मनालाही लागलं होतं, नाकारत नाही. त्या दिवसांत जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड, टचस्क्रीन किंवा आधी करून ठेवलेला रिकव्हरी पेनड्राइव्ह, एवढेच मार्ग होते. त्यातून मी घेतलेला धडा असा की परतीची वाट मशीनच्या बाहेर असली पाहिजे. मशीन धडधाकट असतानाच एक रिकव्हरी पेनड्राइव्ह करून ठेवायचा. टॅलीचा बॅकअप रोज बाहेरच्या डिस्कवर, आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या जागी. दुसऱ्या जागी का, ते कोल्हापूरकराला सांगायला नको. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला व्हीनस कॉर्नरला पाणी आलं. त्या भागात तळमजल्यावर मशीन आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची डिस्क, असं ज्यांचं होतं त्यांची दोन्ही एकदमच पाण्यात गेली.

तुमच्या 'हात लावू नये'लाही मी जागा ठेवतो. उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात अशी सीएनसी मशीनं आहेत ज्यांच्या कंट्रोलरवर अजून विंडोज एक्सपी आहे. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ लाच संपला. तरी मी त्या मालकाला सांगतो, याला नेटची वायर लावू नका, कुणाचाही पेनड्राइव्ह लावू नका, आणि आहे तसं चालू द्या. ते मशीन जगाशी बोलत नाही. तुमचं बोलतं. जीएसटीचं पोर्टल, बँक, ग्राहकांचे मेल, त्यातल्या जोडफाइली. एक्सपीवाल्याचा न्याय तुम्हाला लावता येत नाही.

करसल्लागार : ठीक. वीस तारखेनंतर अपडेट, त्याआधी बॅकअप, कपाटात पेनड्राइव्ह. इथवर मी येतो. आता मला खरोखर छळणारी गोष्ट सांगतो. बाहेरून पेनड्राइव्ह लावून डेटा काढून घेतो म्हणालास. नव्या लॅपटॉपवर ते होतं का? आता डिस्क आतून कुलूपबंद होऊनच येते. मायक्रोसॉफ्टचं खातं टाकून मशीन सुरू केलं की बहुतेक नव्या लॅपटॉपांत एनक्रिप्शन आपोआप चालू होतं, मालकाला कळतही नाही. मग एखाद्या अपडेटनंतर निळा पडदा येतो आणि ४८ आकड्यांची बिटलॉकर किल्ली मागतो. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर हे झालं, मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या काही मशीनवर पुन्हा झालं. मशीन चांगलं, डिस्क चांगली, डेटा शाबूत, आणि मालक बाहेर. तुझं सगळं कसब तिथं संपतं. उठवायचं कसं, हा प्रश्न कालचा झाला. मला आता असं दिसतं की माझं मशीन उठवायचा अधिकार माझ्याकडं उरलाय की नाही, हाच प्रश्न आहे.

तंत्रज्ञ : संपतं, हे खरं आहे. किल्ली नसेल तर मी काही करू शकत नाही, आणि कुणी करतो म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण ते कुलूप का आहे तेही बघा. तुमचा लॅपटॉप पुण्याला जाताना एसटीत राहिला समजा. कुलूप नसेल तर सापडणारा माणूस विंडोजच्या पासवर्डला विचारणारसुद्धा नाही. मी डेटा काढून घेतो तसाच पेनड्राइव्ह लावेल आणि शेकडो लोकांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे, पगारपत्रकं घेऊन जाईल. तेवढंच कशाला, डिस्क वॉरंटीत बदलून मिळते तेव्हा जुनी कुठं जाते? भंगारात दिलेलं मशीन कुठं जातं? ज्या वाटेनं मी तुमचा डेटा वाचवतो, तीच वाट चोराची. एकासाठी उघडी आणि दुसऱ्यासाठी बंद अशी ती ठेवता येत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आलाय. ग्राहकाची माहिती सांभाळणं ही तुमची जबाबदारी म्हणून त्यात लिहिलेली आहे.

करसल्लागार : म्हणजे सुरक्षितता आणि दुरुस्ती यांतलं एक जितकं वाढवू तितकं दुसरं कमी होणार. मग ती ४८ आकड्यांची किल्ली असते कुणाकडं ते बोल. आमच्या एका ग्राहकाचा लॅपटॉप दुकानातच सुरू करून दिला होता. सोय म्हणून दुकानदारानं आपलंच मेल खातं टाकलं. किल्ली गेली त्या खात्यात. म्हणजे ज्याच्या हिशेबाला कुलूप, त्याच्याकडं चावी नाही, आणि दुकानदाराकडं गावभराच्या चाव्या. त्यानं काही केलं नाही, करेल असंही मला वाटत नाही. पण हे कुठल्या अर्थानं संरक्षण?

तंत्रज्ञ : ही पद्धत काही ठिकाणी आहे, आणि ती बंद व्हायला पाहिजे. मी ग्राहकाच्याच नंबरवर त्याचं खातं काढून देतो, किल्ली छापून त्याच्या हातात देतो. पण पुढं काय होतं तेही ऐका. वर्षभरानं तो येतो. नंबर बदललेला, पासवर्ड आठवत नाही, कागद सापडत नाही. किल्ली माझ्या खात्यात असती तर पाच मिनिटांत मशीन उघडून दिलं असतं. चुकीच्या पद्धतीनं काम करणाऱ्या दुकानात त्याचा डेटा वाचतो आणि माझ्याकडं जातो. याला काय म्हणायचं मला कळत नाही. तरी मी पद्धत बदलणार नाही. कारण ज्या दिवशी माझं एक खातं कुणी फोडेल, त्या दिवशी शंभर ऑफिसं एकदम उघडी पडतील.

करसल्लागार : मी वेगळी वाटणी करेन. बाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपला कुलूप. ऑफिसातल्या मशीनला नको, तिथं दाराला कुलूप आहे, शटर आहे. टॅलीचं मशीन पडलं तर तुला फोन करायचा आणि तू डेटा काढायचास, हे माझ्या लहान ऑफिसाला झेपतं. चोरीची भीती मला आहेच. पण गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीतल्यांची कामं थांबली ती चोरामुळं कमी आणि कुलपामुळं जास्त.

तंत्रज्ञ : तुमच्या ओळखीतल्यांना चोरी झाल्याचं कळलं तरी असतं का? मशीन बंद पडलं की सगळ्यांना दिसतं. डेटा गेला तर मशीन मजेत चालू राहतं. दिसणाऱ्या नुकसानावरून मोजमाप केलं तर कुलूप कायमच गुन्हेगार ठरणार. आणि ऑफिसातली डिस्क ऑफिसातच राहील हे कशावरून? बंद पडल्यावर ती माझ्या टेबलावर येणार. माझ्याकडं कामाला पोरं आहेत, उद्या दुसरी येतील. तुमची वाटणी माझ्यावरच्या विश्वासावर उभी आहे. असा विश्वास कुणी माझ्यावर टाकावा असं मला वाटत नाही.

करसल्लागार : तुझ्यावर नाही तर कंपनीवर टाकायचा, आणि तिची अपडेटं आपण मघापासून मोजतोय. मशीन सुरू होतानाच तपासली जाणारी, २०११ साली दिलेली सुरक्षा प्रमाणपत्रं आहेत. त्यांची मुदत जून २०२६ पासून संपत जाते आणि नवी येणार तीही अपडेटमधूनच. म्हणजे सगळ्यात आधी धावणाऱ्या भागालाच हात. न घेऊन मागं पडायचं, घेऊन धास्तीत राहायचं. यात माझी संमती कुठं आहे ते मला सापडत नाही. आणि ज्या ग्राहकांचे पॅन त्या डिस्कवर आहेत त्यांना तर यातलं काहीच कुणी विचारलेलं नाही. कुलूप असावं की नसावं, चावी माझ्याकडं असावी की तुझ्याकडं, हे आपण दोघं त्यांच्या वतीनं परस्पर ठरवतोय.

तंत्रज्ञ : म्हणून निदान एवढं करा. कुलूप चालू ठेवा, किल्ली दोन कागदांवर लिहा. एक घरी वरच्या मजल्यावर आणि दुसरा अशा माणसाकडं, जो तुमच्या पश्चातही ऑफिस उघडू शकेल. मुलगा असेल, भागीदार असेल, ते तुम्ही ठरवा. फक्त कागद कुठं आहेत ते मला सांगू नका.

करसल्लागार : आणि दहा तारखेला रात्री मशीन उठलं नाही तर किल्ली टाकायला बसणार कोण? तूच ना?